परळचे काळे यीस्ट आणि मोखाड्याची लाल गोळी

जव्हार म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे मुकणे राजघराणे, जयविलास राजवाडा आणि सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा जिथे मुक्काम झाला असे मानतात तो शिरपामाळ उभा राहतो. आजचा धागाही जव्हार-मोखाड्यातूनच सुरू होतो, पण त्यात राजवाडा नाही. त्यात एक लाल गोळी आहे. पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत आशा कार्यकर्त्या पाड्यापाड्यांवर गरोदर स्त्रियांना ती देतात. ‘रक्तवाढीची गोळी’ हे तिचे रूढ नाव. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड असते.

लोहाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या अर्ध्या मिलिग्रॅमची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती जव्हारपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, मुंबईतल्या परळमध्ये घडली. डीएनए शरीरात घडतो कसा, या विसाव्या शतकातल्या एका मोठ्या प्रश्नाचा एक धागा गिरणगावातल्या बाळंतिणींच्या रक्तातून निघालेला आहे. तो ज्या बाईंनी पकडला त्यांचे नाव लूसी विल्स.

सन १९२८. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्या बंद होत्या. गिरणी कामगारांचा तो प्रचंड संप आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासलेला असेल. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, कायदा झाला. गिरणीतल्या बाईचे बाळंतपण हा त्या दोन वर्षांत घरातला विषय राहिला नाही; तो सभागृहात, संघटनेत आणि प्रयोगशाळेत पोहोचला होता. या तिन्हींपैकी प्रयोगशाळेचा इतिहास आपण सर्वांत कमी वाचतो.

प्रयोगशाळेत तो पोहोचण्याचे कारण मृत्यू. बाळंतपणात आणि त्याच्या आसपास स्त्रिया इतक्या संख्येने का दगावतात, याची चौकशी ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ने (आजच्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची ही पूर्वज संस्था) हाती घेतली होती. त्या कामातल्या डॉ. मार्गारेट बालफोर या गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीचा अभ्यास करीत होत्या. गरोदरपणी येणारा एक भयंकर रक्तक्षय त्यांच्या नजरेत भरला. त्याचा माग काढण्यासाठी त्यांनी लंडनहून लूसी विल्स यांना बोलावले.

विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ जन्म. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. केंब्रिज तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या, आणि काही काळ त्यांनी केपटाउनमध्ये परिचारिकेचे काम केले. परतल्यावर त्यांनी लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला व १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून बसणे त्यांनी पसंत केले नाही. रॉयल फ्री रुग्णालयात गरोदरपणातल्या रासायनिक बदलांवर संशोधन करीत त्या राहिल्या. वैद्य, रसायन आणि वनस्पती या तिन्हींवर हात बसलेली व्यक्ती पुढच्या कामाला हवी होती. तशी ती योगायोगाने लाभली.

मुंबईत त्यांचे ठिकाण होते परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी जिथे लस तयार केली ते परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस. १८९९ पासून तिथे प्लेग प्रयोगशाळा होती आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनांचे नाव मिळाले. गिरण्यांच्या चिमण्या, कामगारांच्या चाळी आणि ही संस्था एकाच परिसरात. विल्स १९२८ ते १९३३ या काळात मुख्यत्वे इथे राहिल्या. मधले काही महिने त्यांनी कूनूरला आणि मद्रासला काढले, तर १९३० ते १९३२ चे उन्हाळे इंग्लंडमध्ये.

आता आजाराकडे वळू. साध्या रक्तक्षयात, म्हणजे लोह कमी पडते तेव्हा, तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. मुंबईच्या या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशी कमी होत्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी होती. लोहाने हा रक्तक्षय हटणार नव्हता. त्याचे चित्र मिळतेजुळते होते ते युरोप-अमेरिकेत प्राणघातक ठरलेल्या ‘पर्निशस’ रक्तक्षयाशी. त्यावरचा उपाय नुकताच सापडला होता. बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते की रोज भरपूर यकृत खाल्ले तर रोगी बरा होतो. परंतु यकृताचा अर्क महाग. गिरणगावातल्या बाईला तो रोज देणार कोण? मृत्यूच्या दारातल्या बाईसाठी औषध शोधताना त्याच्या किमतीचाही विचार करणे, हे मला विल्स यांच्या कामाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

आधी शंका होती ती जंतुसंसर्गाची. परळसारख्या वस्तीत ती येणे साहजिकच. तपासात तसे काही हाती लागेना, तेव्हा विल्स यांनी नजर ताटाकडे वळवली. तळपदे नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आली. त्याच मालिकेतल्या आणखी दोन निबंधांवर मेहता आणि बिलिमोरिया ही आडनावे आहेत. इंग्रजी चरित्रलेखांत या तिघांचा उल्लेख आला तरी ओझरता येतो. मुंबईच्या वस्तीत कोणत्या घरात काय शिजते याची पाहणी इथल्या माणसांच्या मदतीवाचून झाली असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पाहणीतून दिसले ते असे: हा रक्तक्षय सर्व थरांत सारखा नव्हता. ज्या घरांत भाजीपाला, फळे, दूध यांची वाण होती तिथे तो अधिक होता आणि गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये विशेष. विल्स यांनी मग तसाच आहार उंदरांना दिला. गाभण उंदीर रक्तक्षयाने पिल्लांना जन्म देण्याआधीच मरू लागले. आहारात यीस्ट घातले की ते वाचत. तर्क सरळ दिसत होता: यीस्टमध्ये असलेले काहीतरी या आहारात नाही.

इथे इतिहासाची एक गंमत आहे. त्या उंदरांचा रक्तक्षय आहारामुळे झालाच नव्हता, असे पुढे निघाले. उवांमधून पसरणाऱ्या ‘बार्टोनेला’ नावाच्या जंतूचा तो प्रताप होता. म्हणजे पुरावा चुकीचा आणि निष्कर्ष बरोबर! विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत शोध नेहमी पायरीपायरीने वर चढतो; प्रत्यक्षात तो कधीकधी मोडक्या पायरीवर पाय ठेवूनही माडीवर पोहोचतो. विल्स यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही, कारण त्या उंदरांवर थांबल्या नाहीत.

यीस्टचा स्वस्त अर्क बाजारात होता. त्याचे नाव मार्माइट. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात बनणारा हा काळा, दाट, खारट लेप. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो आणि बाकीचे जग त्याचा वास घेऊन बाजूला ठेवते. विल्स यांनी तो रक्तक्षयाने खंगलेल्या मुंबईच्या गरोदर स्त्रियांना दिला. काही दिवसांतच भूक परतली, रक्तात नव्या कोवळ्या पेशी दिसू लागल्या, आणि मग तांबड्या पेशींची संख्या चढू लागली. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. यकृताच्या अर्काने जे साधे ते भट्टीच्या टाकाऊ मालाने साधले होते. पुढे माकडांवरच्या प्रयोगांतही हेच दिसले: तसाच निकृष्ट आहार दिल्यावर मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि मार्माइटने तो हटला.

या स्त्रिया कोण होत्या? शोधनिबंधांच्या रीतीप्रमाणे त्या ‘रुग्ण’ म्हणून येतात. त्या काळी गिरणगाव रत्नागिरी, सातारा, पुणे अशा मुलखांतून पोट भरायला आलेल्यांनी भरलेले होते. आज जगभर गरोदर स्त्रियांना जे जीवनसत्त्व दिले जाते त्याची पहिली चाचणी ज्यांच्या शरीरावर झाली त्या स्त्रियांचे एकही नाव आपण घेत नाही. आदिवासी आणि कामगार स्त्रियांचा इतिहास लिहिताना वैद्यकीय नियतकालिके का चाळावीत, याचे उत्तर इथे आहे: अनेकदा त्या फक्त तिथेच सापडतात.

यीस्टमधला तो पदार्थ यकृतातल्या औषधी द्रव्यापेक्षा वेगळा आहे की तेच ते? हा पुढचा प्रश्न, आणि विल्स यांच्या बुद्धीची खरी चुणूक इथे दिसते. १९३७ च्या सुमारास त्यांनी दोन प्रकारचे यकृतार्क ताडून पाहिले. एक कच्चा, एक शुद्ध केलेला. खऱ्या पर्निशस रक्तक्षयावर दोन्ही चालत. त्यांच्या रुग्णांवर मात्र कच्चा चाले, शुद्ध चालत नसे. याचा अर्थ, शुद्ध करताना जे फेकून दिले जात होते त्यात यांचे औषध होते. एका आजाराच्या आड दोन आजार होते आणि दोघांची औषधे निराळी. त्या अज्ञात द्रव्याला लोक ‘विल्स घटक’ म्हणू लागले. यकृतातले दुसरे द्रव्य पुढे १९४८ मध्ये हाती आले. तेच आपले ब-१२ जीवनसत्त्व. यकृताच्या उपचारासाठी व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना १९३४ चे नोबेल मिळाले. विल्स यांना ते मिळाले नाही. २०१९ च्या १० मे रोजी गूगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र ठेवले तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

विल्स घटक प्रत्यक्ष वेगळा झाला तो अमेरिकेत, आणि तोही भाजीतून. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी ४ टन पालक घेऊन त्यातून चिमूटभर द्रव्य मिळवले. पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. पर्णाम्ल म्हणा हवे तर. आपल्याकडे ‘पालेभाजी’ या शब्दात पाला आधीच बसलेला आहे, हे जाता जाता लक्षात घ्यावे. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. मुंबईत सुरू झालेला शोध एका तेलुगू रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली पुरा व्हावा, हा योगायोग मोठा सुखद आहे.

आता मूळ मुद्दा. हे द्रव्य शरीरात करते काय? १९५६ मध्ये आर्थर कोर्नबर्ग यांनी डीएनए जोडणारे विकर शोधले, पुढे हरगोविंद खोराना यांनी प्रयोगशाळेत जनुकच रचून दाखवले, आणि न्यूक्लिइक आम्लांचे संश्लेषण हा साऱ्या जगाचा विषय झाला. त्या उजेडात परळच्या मोठ्या पेशींचा अर्थ उलगडला.

डीएनए ही चार अक्षरांची लिपी आहे हे आपण शाळेत शिकतो. त्यातले एक अक्षर थायमिन. (ब-१ जीवनसत्त्वाचे नाव मराठीत असेच लिहितात, ते निराळे.) हे अक्षर शरीर स्वतः घडवते. आरएनएमध्ये वापरल्या जाणाऱ्या युरॅसिल या अक्षराचे डीएनएसाठीचे रूप घेऊन त्यावर कार्बनचा एक छोटा गट चढवला की थायमिन तयार होते. तो कार्बन आणून देणारा हमाल म्हणजे फॉलिक ॲसिडपासून बनलेले सहविकर. दुसऱ्या दोन अक्षरांच्या, ॲडेनिन आणि ग्वानिन यांच्या, सांगाड्यातलेही काही कार्बन तोच पोहोचवतो. हमाल नाही तर कार्बन नाही. कार्बन नाही तर अक्षर नाही. आणि एक अक्षर नसेल तर सगळी पोथी लिहिणे थांबते.

शरीरात हे लिखाण सर्वांत वेगाने चालते ते हाडांच्या मगजात. निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येकीच्या पूर्वज पेशीला दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. थायमिन तुटपुंजे असले की नक्कल अडते. पण पेशीतले बाकीचे काम, आरएनए आणि प्रथिने बनवणे, चालूच राहते. पेशी दुभंगत नाही, नुसती फुगत जाते. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या त्या मोठमोठ्या पेशी म्हणजे अर्धवट राहिलेली डीएनएची नक्कल होती. डीएनएची दुहेरी गोफण १९५३ मध्ये कळली. तिचे अडलेले लिखाण मुंबईत त्याच्या दोन तपे आधी काचपट्टीवर उमटले होते. फक्त वाचायला कोणाला येत नव्हते.

गरोदरपणी हा आजार का उफाळतो, तेही यातून समजते. एका शरीरात दुसरे शरीर घडत असते. नकला दोघांच्या करायच्या असतात, आणि ताटात पाला नसतो.

याच ज्ञानाची दुसरी धार अशी. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना जाणवले की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिड दिले तर रोग बळावतो. कर्कपेशींनाही डीएनए हवा असतो! मग त्यांनी उलट केले. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने बनवलेले ॲमिनोप्टेरिन, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जागी बसून काम बंद पाडणारे तोतया द्रव्य, त्यांनी मुलांना दिले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना मागे हटल्याची नोंद आहे. मुंबईच्या वाचकाला इथे आणखी एक नाव आठवेल: लेडी मेहेरबाई टाटा. त्या १९३१ मध्ये, म्हणजे विल्स यांचा मार्माइटचा निबंध आला त्याच वर्षी, याच कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये उभ्या राहिलेल्या न्यासाने या रोगावरील संशोधनाला मदत सुरू केली.

विल्स १९३३ मध्ये लंडनला परतल्या आणि १९३७-३८ मध्ये पुन्हा हाफकिनमध्ये येऊन गेल्या. त्या खेपेला त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, मुक्काम करीत करीत पूर्वेकडे आल्या. १९४७ मध्ये रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्या, मग जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे फिरत त्यांनी पोषण आणि रक्तक्षय यांचाच अभ्यास चालू ठेवला. चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. संस्थेत त्या सायकलवरून येत. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. भारताचा राष्ट्रीय पोषण-रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम, ज्यातून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी गावोगावी जाऊ लागली, तो १९७० चा. तो पाहायला त्या नव्हत्या.

विल्स यांच्याच न्यूनहॅम कॉलेजात पुढे एक मराठी मुलगी गेली, तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश तिने हट्टाने मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली, आणि परतल्यावर काही काळ कूनूरच्याच पोषण प्रयोगशाळेत काम केले. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडा-माडाचा हा ताजा रस कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात घातल्यावर प्रकृती सुधारते असे त्यांना आढळले. विल्स आणि सोहोनी या दोघींचीही रीत एकच: गरिबाच्या आवाक्यातले, त्याच्या आसपास मिळणारे द्रव्य आधी तपासा.

या रीतीची जव्हार-मोखाड्याला गरज किती होती ते महाराष्ट्राला १९९२-९३ मध्ये कळले. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा एकाएकी साऱ्या वर्तमानपत्रांत आला. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी ‘नवसंजीवनी योजना’ आली. २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, आणि त्यात पालेभाजी असते. कुपोषणाच्या बातम्या मात्र या तालुक्यांतून त्यानंतरही येत राहिल्या.

मुलांचे वजन मोजले जाते, त्याच्या बातम्या होतात. त्या मुलांच्या आयांच्या रक्ताची कथा त्याआधी सुरू झालेली असते, आणि ती ऋतूंबरोबर फिरते. पावसाळ्यात इथल्या डोंगरउतारांवर टाकळा, कुर्डू, कवळा, लोत अशा रानभाज्या उगवतात. कोवळा पाला घरोघरी शिजतो. नागली आणि वरईची कापणी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. भट्टीवर पाला नसतो, अंगणवाडी मागे गावात राहते, आणि आशाताईंची वहीसुद्धा. उन्हाळ्यात परतावे तर गावात पाण्याचे हाल. वर्षातले कित्येक महिने ताट १९३० च्या परळमधल्या ताटासारखेच असते. लूसी विल्स आणि तळपदे यांची ती पाहणी आज कोणी मोखाड्यात महिन्यागणिक पुन्हा केली तर?

यात सिकलसेलची भर. पालघरच्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते. मगजाला मग दुप्पट-चौपट वेगाने नव्या पेशी घडवाव्या लागतात, तितक्या डीएनएच्या नकला कराव्या लागतात, तितके फॉलिक ॲसिड खर्ची पडते. म्हणून या रुग्णांना ते रोज घ्यायला सांगतात. २०२३ च्या १ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाच्या बातम्यांत नव्या तपासण्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. ही स्वस्त पिवळसर गोळी मात्र कोणाला बातमी वाटली नाही.

आणि वेळेचा प्रश्न. १९९१ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून सिद्ध झाले की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे ७२ टक्क्यांनी टळतात. हा आकडा आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांचा आहे. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. म्हणून पहिल्या तिमाहीत ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून १८० दिवस ती लाल गोळी असा शासकीय क्रम आहे. लाल गोळीतल्या लोहाने मळमळते, शौच काळी होते, पोट जड राहते. अनेकजणी मध्येच सोडतात, आणि लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही सुटते. पहिली गोळी तर बहुतेकदा उशीराच पोहोचते. २८ दिवस म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन जेमतेम दोन आठवडे. भट्टीवर असलेली बाई तेव्हा विटा थापत असते, आणि तिचे नाव नोंदवणारी वही मोखाड्यात असते.